तळपायावरचं भाग्य

एकदा एका पानमळ्यात एक वृद्ध मळेकरी आपल्या शिष्येला नागवेलीची विद्या शिकवीत होते. शिष्या तरुण होती. काखेला दीड वर्षाचं लेकरू, नवरा परगावी कामाला, घरात विधवा सासू. घरचा मळा आपल्याला चालवता यावा, एवढीच तिची इच्छा. पानमळ्यात देवाचा वास असतो अशी तिथली श्रद्धा, म्हणून सगळे चपला बाहेर काढून अनवाणी आत येत.

डोईला पागोटं आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा असल्याशिवाय वृद्ध उन्हात पाऊल टाकत नसत. शिष्येलाही ते डोक्यावरून पदर घ्यायला लावीत, लेकराच्या डोक्याला फडकं बांधायला लावीत. पानं खुडणाऱ्या बायका हसत. म्हणत, "अगं, आपली कातडी आधीच करपलेली. तिला ऊन आणखी काय करणार?"

एके दिवशी शिष्या शिडीवर चढून वेल बांधत होती. खाली उभ्या वृद्धांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "उतर. बस इथं." ती बसली, आणि सगळ्या बायकांच्या देखत वृद्ध तिच्या पायांशी वाकले.

बायकांच्या हातातली पानं हातातच राहिली. शिष्येनं झटकन पाय ओढून घेतला.

"तात्या, हे काय करता? मला पापात पाडता का?"

"पाप लागलं तर मला लागेल. पाय दे."

त्यांनी तळपाय उजेडाकडे वळवला. टाचेजवळ काळा डाग होता, मसुराच्या डाळीपेक्षा मोठा. कडा वेड्यावाकड्या, रंग एका बाजूला तपकिरी.

"हा कधीपासून?"

"लग्नात मोहरीएवढा होता," ती कौतुकानं म्हणाली. "तळपायाला तीळ म्हणजे भाग्य, असं सासूबाई म्हणतात. आता तर वाढतोय."

"वाढतंय ते भाग्य नव्हे, पोरी. उद्याच शहरात जा. कातडीच्या डॉक्टरला दाखव."

घरी सासूनं कपाळाला हात लावला. "तू आलीस तेव्हापासून मळा बहरला तो या तिळामुळं. अन् तू घराचं भाग्य कापायला निघालीस?"

सुनेनं पिशवी उचलली. लेकरू अजून अंगावर पीत होतं. आपल्याला काही झालं तर याचं कोण, हा एकच विचार. पण ती उंबऱ्यात वळून म्हणाली, "भाग्य असेल तर कापल्यावरही राहील, आई. नसेल तर निदान मी तरी राहीन."

डॉक्टरांनी डाग काढला आणि तपासणीला पाठवला. कर्करोगच निघाला, पण वरच्या वर होता. "आणखी वर्षभर जपला असता, तर खोल उतरला असता," डॉक्टर म्हणाले.

टाके सुकल्यावर ती मळ्यात आली ती रागानंच. "तात्या, लोक हसले तरी मी पदर घेतला. तळपायाला कधी ऊन लागलं? मग तिथंच का?"

वृद्धांनी पागोटं सारून कान दाखवला. कानाचा वरचा कोपरा नव्हताच. "हे उन्हाचं काम. डाग दिसत होता, पण मी दाखवायला लाजलो, म्हणून एवढा कापावा लागला. ऊन लागतं ते झाकायचंच. पण रोग काही उन्हाची वाट बघत बसत नाही. आरशात दिसतं तेवढंच शरीर आपलं, असं आपण समजतो. पाठ, मान, कानामागची जागा, बोटांच्या बेचक्या, हे कोण बघतं? आयुष्यभर लोक माझ्या पाया पडले, पण माझा तळपाय एकानंही पाहिला नाही. महिन्यातून एकदा सगळं अंग उजेडात बघ. जे नवं आहे, वाढतंय, रंग बदलतंय, भरून येत नाही, ते दाखव. कुणाची परवानगी मागू नकोस."

शिष्येचा राग मात्र गेला नाही. त्याला आता काम मिळालं होतं.

श्रावणातल्या शुक्रवारी तिच्या घरी पाच सवाष्णी जेवायला आल्या. पाटावर बसवून तिनं एकेकीचे पाय धुतले, पुसले, आणि मग एकेक तळपाय दाराच्या उजेडाकडे वळवून नीट पाहिला. एकीला गुदगुल्या झाल्या. दुसरी रागावली, "अगं, सवाष्णीचे पाय असे उलटे करतात का?"

"आमच्या घरात करतात."

पाच जणी झाल्या. मग तिनं सहावा पाट मांडला.

"आई, या."

सासू दाराआड मागे सरकली. "मी? पाटावर? अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पाय द्या."

सासू पदर सावरत आली आणि पाटाच्या कडेवर अवघडून बसली. सुनेनं तिची भेगाळलेली टाच धुतली, पुसली, उजेडाकडे वळवली आणि सावकाश पाहिली.

तेव्हा सासूनं, कुणाकडेही न बघता, दुसरा पाय आपणहून पुढे केला.