पांढरे मासे

त्या राज्यात प्रत्येकाच्या दाराशी एक झरा असे, आणि झरा जसा वाहील तसा त्याचा धनी जगे. झऱ्यातले तांबडे मासे अंगात बळ आणत. पांढरे मासे पाण्यात शिरलेली घाण खात. एका साळूच्या झऱ्यात मात्र पांढरे मासे गरजेपेक्षा वाढत चालले होते, आणि त्यांतले पुष्कळसे काही न खाता नुसतेच पोहत.

साळू जातीची जनावरं दिवसा झोपतात. हिला झोप येत नव्हती. लेक टोकी लहान होती. दरीपलीकडच्या माळावर पहिला कंद उकरायला आईनेच शिकवायचं, अशी त्यांच्यात रीत. त्याआधीच झरा तुंबला तर?

दर दोन महिन्यांनी खंड्या पक्षी येई, पानाचा द्रोण बुडवून मासे मोजी आणि आकडा सांगे. साळू बिळाच्या भिंतीवर काट्याने खूण करी. आकडा मोठा तर वर, लहान तर खाली. आकडा नीट कळू दे, मग माळावर जाऊ, असं ती टोकीला दर खेपेला सांगे.

आकडा कळे, अर्थ कळत नसे. एकदा तो एकदम वर गेला, तेव्हा तिने दोन दिवस अन्न सोडलं. मध्यंतरी खोकला झाला होता का, असं खंड्याने विचारलं. झाला होता. मग मासे धावणारच, म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला आकडा उतरला. तिने शेजारीपाजारी बोरं वाटली. खंड्या मात्र तांबडे मासे पुन्हा मोजत बसला. तेही घटले नाहीत ना, एवढं बघतोय, म्हणाला. घटले नव्हते. पण उरलेली बोरं साळूने तशीच ठेवली.

शेजारची घोरपड म्हणे, मी असते तर झराच उपसला असता. साळूने तेच खंड्याला विचारलं.

"उपसायची वेळ आलेली नाही, साळूताई. आली तर उपाय आहेत. तोवर बघत राहायचं."

"बघत राहायचं म्हणजे मी करायचं काय?"

"बघत राहायचं."

हा सल्ला की टाळाटाळ, हे तिला ठरवता येईना. ती चार बुकं शिकलेली, त्यामुळे न कळण्याची लाजही वाटे. मग ती स्वतःच रोज द्रोण बुडवू लागली. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा, काठाशी तिसराच. खंड्याला सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

त्या दिवशी खंड्याचा आकडा मागच्याहून जरासा वर होता. खूण करून साळू त्या खुणेला नाक लावून उभी राहिली. दोन खुणांमधलं केसभर अंतर तिने तीनदा मोजलं.

"म्हणजे आजही नाही?" टोकीने विचारलं.

"मधे मधे करू नकोस."

साळू लढतात ते पाठीचे काटे पुढे करून, उलटं चालत, आणि पोरांना ते घरातच शिकवतात. रुसलेली टोकी तोच धडा गिरवू लागली. एकेक पाऊल मागे सरकत ती पार समोरच्या भिंतीला टेकली. तिथून दोन वर्षांच्या सगळ्या खुणा एकदम दिसत होत्या. ती बराच वेळ बघत राहिली.

"आई, इथून त्या खुणांची एक टेकडी दिसते. मधेमधे खड्डे आहेत, पण चढ अगदी सावकाश आहे. बोलत बोलत चढू आपण."