सगळ्यांचा खण

फार वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात दोन भाऊ एकत्र राहत होते. थोरला दौलत, धाकटा शिदू. दौलतची बायको गोजरा, शिदूची हौसा. घरात त्यांचे म्हातारे वडील होते, त्यांना सगळे आबा म्हणत. भावांचं गुऱ्हाळ होतं. त्यांच्या गुळाला आसपासच्या गावांत चांगलं नाव होतं.

स्वयंपाकघरात भिंतीला टेकून एक मोठं लाकडी कपाट होतं आणि त्याला खाली एक रुंद खण होता, ओढून उघडायचा. ज्या वस्तूला घरात जागा नसे ती त्या खणात जाई. किल्ली हरवलेली कुलपं, सुतळीचे गुंते, गंजलेले खिळे, अर्धी जळलेली वात, मोडका अडकित्ता, हळकुंडं, जायफळ, कशाकशाच्या पुड्या. खण इतका भरला होता की उघडताना दोन्ही हातांनी हिसका द्यावा लागे आणि बंद करताना गुडघा लावावा लागे.

आबा एकदा जेवताना म्हणाले, "अरे, तो खण एकदा रिकामा करा. परवा सुई शोधायला हात घातला, तर बोटात खिळाच घुसला."

"हत्यारं सगळी भावजींची आहेत त्यात," गोजरा म्हणाली.

"आणि त्या पुड्या कुणाच्या, वहिनी?" शिदू म्हणाला. "मी तर कधी हळद आणली नाही."

हौसा म्हणाली, "मी या घरात आले तेव्हाच तो भरलेला होता."

दौलतने पानावरून मानही वर केली नाही. "दिवाळीला बघू," म्हणाला.

दिवाळी आली आणि गेली. खणात चार पणत्यांची भर पडली.

त्या हिवाळ्यात गुळाच्या कोठीत उंदीर फार झाले. दौलत बाजारातून उंदरांचं विष घेऊन आला. पांढरी बारीक पूड, पिवळ्या कागदात बांधलेली. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, "हे अगदी वेगळं ठेवा. घरात सगळ्यांच्या कानावर घाला."

दौलत घरी पोचला तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. पान वाढलेलं होतं. जेवून मग कोठीत नेऊ, असं म्हणून त्याने पुडी खणात सारली. जेवण झालं, तोच गुऱ्हाळावरून बोलावणं आलं. उसाचा रस आटवायच्या काहिलीखालचा जाळ भडकला होता. तो तसाच धावला आणि पुडी खणातच राहिली. कुणाला सांगायचंही राहून गेलं.

पुढे थंडी वाढली आणि आबांचा दमा बळावला. ओढ्यापलीकडे वैद्यबुवा राहत. त्यांनी औषध दिलं. "चिमूटभर पूड मधातून चाटवा. दोन्ही वेळा." औषध भलतंच कडू होतं. चाटताना आबा लहान मुलासारखं तोंड वाकडं करत आणि सुना हसत. वैद्यबुवांचा कागदही पिवळाच होता. हौसाने ती पुडी खणात ठेवली. कुणालाही सापडावी म्हणून.

एका संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी आबांना धाप लागली. दौलत अजून गुऱ्हाळावरच होता. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. गोजरा खणाशी धावली. खण अडकला. तिने जोरात हिसका दिला, तसं अर्धं सामान जमिनीवर सांडलं. चाचपडताना तिच्या हाताला एक पिवळी पुडी लागली. तिने ती उघडून दिव्यापाशी धरली.

"हौसा, औषध जरा मळकट होतं ना गं? हे पांढरं दिसतंय."

"दिव्यात तसं दिसत असेल, जाऊबाई. पिवळा कागद तोच आहे."

"भावजी, तुम्ही ओढ्यापलीकडे जाऊन विचारून येता का?"

शिदू नुकताच मळ्यातून येऊन पाय पसरून बसला होता. "वहिनी, पुडी तुमच्या हातात आहे आणि मी वैद्याला काय विचारायला जाऊ? आबांचा जीव कासावीस झालाय. द्या लवकर."

गोजरा क्षणभर थांबली. तिचं मन घेत नव्हतं. पण आबांनी तिच्याकडे हात पुढे केला होता. तिने मधात चिमूट कालवली आणि त्यांना चाटवली.

आबांनी जीभ ओठांवरून फिरवली. म्हणाले, "आज कडू नाही लागलं गं."

गोजराच्या हातातली वाटी खाली पडली.

ती अनवाणीच ओढ्याकडे धावली. वैद्यबुवा आले, त्यांनी जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. आबांना उलट्यांवर उलट्या होत राहिल्या. मध्येच ते म्हणाले, "पोरी घाबरल्यात, त्यांना कुणी रागावू नका." पहाटे ते गेले.

वैद्यबुवांनी पुडी उचलून पाहिली. "हे घरात कुणी आणलं?"

"मी," दौलत म्हणाला.

"खणात?"

"मीच ठेवलं."

हौसा रडत म्हणाली, "औषधही मीच तिथे ठेवलं होतं." गोजरा नुसती आपल्या बोटांकडे बघत राहिली. शिदू दाराआड उभा होता, तो पुढे आला नाही.

वैद्यबुवांनी पंचा खांद्यावर टाकला. "बोलावं तरी कुणाला?" एवढंच म्हणून ते निघून गेले.

आबांचे दिवस झाल्यावर चौघं खणापुढे बसली. त्यांनी सगळं बाहेर काढलं. हत्यारं एकीकडे, मसाल्याचं एकीकडे, मोडकंतोडकं उकिरड्यावर. अगदी मागे, सुतळीच्या गुंत्याखाली, वैद्यबुवांची पुडी होती. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात खण रिकामा होऊन पुसूनही झाला. तो तळ पाहून दौलत ढसाढसा रडला.

त्या हंगामात त्यांचा गूळ कुणी घेतला नाही. गावातलं कुणी तोंडावर बोललं नाही, पण त्या घरचं पाणीसुद्धा लोक टाळू लागले. घरात एकमेकांकडे बघणं नको झालं. "तुम्ही सांगितलं असतं तर," असं शिदू एकदा म्हणाला. "तू उठला असतास तर," असं दौलतने उत्तर दिलं. त्यानंतर घराच्या मधोमध भिंत उभी राहिली.

गोजराने पुढे कधी कुणाला स्वतःच्या हाताने औषध दिलं नाही. नंतर झालेल्या तिच्या मुलाला साधी कणकण आली, तरी ती त्याला कडेवर घेऊन ओढा ओलांडायची आणि वैद्यबुवांसमोर उभी राहायची. म्हणायची, "तुम्हीच पाजा. मी तिकडे तोंड करून उभी राहते."

तात्पर्य: टाकायला सगळे आणि आवरायला कुणीच नाही, अशी जागा घरात ठेवू नये. तिथून घात झाला तर दोष सगळ्यांच्याच वाट्याला येतो, आणि तो कितीही वाटून घेतला तरी कमी होत नाही.