वर थांबलेली काठी

“वर गेल्यावर थांबता कशासाठी?”

दळवी मास्तरांनी हे विचारलं तेव्हा निवृत्त जिल्हा न्यायाधीश अच्युतराव घारपुरे यांची गोल्फची काठी खांद्याच्याही वर, हवेत होती. ती तिथेच राहिली.

“थांबत नाही. ती माझी लय आहे.”

“असं…”

छावणीच्या मैदानावर गोल्फ शिकवण्यात मास्तरांचं आयुष्य गेलं होतं. बोलणं त्यांना जड जाई.

साहेबांचा स्विंग त्यांच्या निकालपत्रांसारखा होता. लांबलचक, भारदस्त, आणि समोरच्याला शेवटपर्यंत आशेवर ठेवणारा. चेंडू मात्र वर्षभर बाभळीत जात होता.

“लोक हसतात?”

“हसत होते तोवर ठीक होतं. हल्ली ‘छान प्रयत्न, साहेब’ म्हणतात. मला सोपा स्विंग शिकवा, मास्तर. कुणी कीव केलेली मला सोसत नाही.”

मास्तरांनी शिकवला. काठी कमरेपर्यंत मागे न्यायची आणि तशीच परत आणायची. मध्ये काही नाही.

“एवढंच?”

“एवढंच.”

“हे म्हणजे अंगण झाडल्यासारखं झालं.”

“अंगण झाडलंय कधी?”

साहेबांनी हा प्रश्न दाखल करून घेतला नाही.

पण काठी ऐकेना. कमरेशी पोचली की आपसूक वर चढे, आणि वर जाऊन थांबे. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

“तिथे कुणाची वाट पाहता, साहेब?”

साहेबांनी काठी खाली टेकवली.

“त्या मागच्या बाकावर आमची ही, इंदू, बसायची. विणकाम घेऊन. खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे. मी काठी वर नेली, की सुईवरची नजर न काढता म्हणायची, ‘हं, आता मारा.’ मग मी मारायचो.”

“आणि आता?”

“गेल्या चैत्रात ती गेली. आता कुणी सांगत नाही… म्हणून उशीर होतो.”

मास्तरांनी बाकाकडे पाहिलं नाही. लाकडी खुंटीवर चेंडू ठेवला.

“मारा. कमरेपर्यंत.”

या वेळी काठी कमरेशी पोचली आणि तशीच परत आली. टक्. चेंडू सरळ गेला, हिरवळीच्या मधोमध जाऊन पडला. साहेब शाळकरी पोरासारखे हसले आणि गर्रकन मागे वळले.

बाकावर वाळकी पानं होती.

हसू तोंडावरून उतरायलाही थोडा वेळ लागला.

“हा नको, मास्तर.”

“चेंडू सरळ गेला की.”

“गेला. पण यात तिला बोलायला जागाच नाही.”

मास्तरांनी खुंटीवर दुसरा चेंडू ठेवला होता. ते वाकले, तो उचलून त्यांनी खिशात टाकला.

“आता जुना स्विंग मारा.”

साहेबांनी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मग काठी उचलली.

काठी वर गेली. कमरेच्या वर, खांद्याच्या वर. थांबली. बाभळीतून वारा आला आणि गेला. काठी तिथेच होती.

“मास्तर… खाली कधी आणू?”

“घाई काय आहे, साहेब? खाली चेंडू कुठे आहे?”