अबोल पेशंट

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.ए.ची तोंडी परीक्षा होती आणि बाहेरून आलेले परीक्षक होते डॉ. टिळेकर. त्यांच्यापुढे भलेभले गारठायचे. मृदुला घोलपची ही शेवटची संधी होती.

"समजा, मी अबोल पेशंट आहे," ते म्हणाले. "मला बोलतं करा, नाहीतर नापास." आणि ओठ मिटून बसले.

मृदुलाने नाव विचारलं, झोपेचं विचारलं, घरच्यांचं विचारलं. डॉक्टर ढिम्म. शेवटी ती शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मॅडमकडे वळली.

"मॅडम, अशा पेशंटला दरडावून बोलतं करावं, असं टिळेकर सरांच्या पुस्तकात आहे."

"साफ खोटं. असं मी कुठेही लिहिलेलं नाही," डॉक्टर कडाडले.

मृदुलाने खुर्ची जवळ ओढली. "बरं झालं, बोललात. आता सांगा, झोप कशी लागते?"