चिमाजीनं अडवलेलं पाणी

फार फार वर्षांमागली गोष्ट आहे. माझ्या आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलेली. तेव्हा आमच्या काळघळीला सरकारी पाटी नव्हती, तारेचं कुंपण नव्हतं. आता तिथं राखीव जंगल झालंय. तिथले साहेब सांगतात, हा सगळा काळा दगड एकेकाळी आगीचा रस होता. वितळून वाहिला, मग थिजला आणि नदीनं तो चिरत चिरत घळ केली. खरं असेल. नदीचं नाव गारकी. वैशाखातसुद्धा तिच्यात पाय घातला की हाडापर्यंत कळ जाते.

घाटावरून खाली कोकणात उतरायची वाट या घळीतूनच. दोन्ही बाजूंना ताडाएवढे कडे, मध्ये कुठं कुठं दोन हात पसरले तर भिंतीला भिंत लागेल एवढीच जागा. भीती एकच. वर पठारावर लांब कुठं वळीव कोसळायचा, इथं डोक्यावर लख्ख ऊन असायचं, आणि पाणी न सांगता यायचं.

तिथं चिमाजी मेंगाळ नावाचा वाटाड्या होता. तो घळीच्या तोंडाशी दगडाला कान लावायचा, बराच वेळ. मग म्हणायचा, "चला." नाहीतर म्हणायचा, "बसा." कोस दोन कोसांवरचं पाणी त्याला दगडातून ऐकू यायचं, असं म्हणतात.

त्याची एकुलती एक लेक हौशी. तिचं लग्न खालच्या गावात ठरलं. नवऱ्याकडचे लोक वाजतगाजत तिला न्यायला वर आले. तेव्हाची रीत अशी, की नवरी उंबऱ्याबाहेर पडली की संबळ आणि पिपाणी मांडवापर्यंत थांबायची नाही. वाजप तुटलं की नवरी अपशकुनी.

घळीच्या तोंडाशी चिमाजी हात जोडून म्हणाला, "व्याहीबुवा, घटकाभर वाजप थांबवा. मला ऐकू द्या."

व्याही रावजी हसला. "आभाळात बोटभर ढग नाही! लेक द्यायचं जिवावर आलंय, म्हणून वेळ काढताय होय?"

बायका फिदीफिदी हसल्या. मग रावजी जवळ येऊन हळू बोलला, "थांबवतो. पण माझ्या गावात तुमच्या लेकीला जन्मभर काय म्हणतील, ते तुम्हीच बघा."

चिमाजीनं हौशीकडं पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. त्यानं हात सोडले. वरात आत शिरली.

पुढं वाजंत्री, मग नवरानवरी, मग वऱ्हाड, आणि सगळ्यांच्या मागं चिमाजी. चालता चालता तो भिंतीला तळवा लावायचा. पण सगळा दगडच संबळानं थरथरत होता. तळव्याला काही कळेना. दहा पावलं गेला की पुन्हा तळवा, पुन्हा तेच. निम्मी वाट संपली. तेवढ्यात त्याला दिसलं, बारके बारके खेकडे पाण्यातून निघून भिंतीवर चढत होते. एक नाही, शेकड्यांनी. एकही माघारी फिरत नव्हता.

तो ओरडत पुढं धावला. कुणाला काय ऐकू येणार? हात वर करून उड्या मारत येणारा म्हातारा पाहून लोक टाळ्या पिटायला लागले, "अरे, व्याही नाचतायत, वाट द्या!"

चिमाजी वाजंत्र्यापाशी पोचला आणि त्यानं संबळाच्या कातड्यात मूठ घातली. कातडं फाटलं. पिपाणी आपोआप थांबली.

रावजीनं मारायला हात उचलला. तो हात तसाच वर राहिला. कारण आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

कड्यावरून उंबराच्या मुळ्या लोंबत होत्या. "बायका आधी," चिमाजी म्हणाला. "पोरं पाठीला बांधा. ढकलू नका." आणि स्वतः वरच्या वळणावर जाऊन, दोन्ही भिंतींना दोन तळवे टेकून उभा राहिला.

पाणी आलं ते कड्याएवढं, आणि त्याच्या छातीशी येऊन थांबलं, असं म्हणतात. गोठ्यात वासरू अडवावं तसं. त्याच्या पायाखाली रेती कोरडी होती.

"बा, ये की वर!" हौशी मुळीला लटकून रडत होती.

"चढ तू. मी हाय इथं."

सगळं वऱ्हाड वर गेलं. शेवटी रावजी. त्याचा पाय जमिनीवरून सुटला आणि मगच पाणी हललं. चिमाजी पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्या वळणावर दोन्ही भिंतींत पंजाएवढे खळगे आहेत. साहेब म्हणतात, दगड वितळलेला होता तेव्हाचे ते बुडबुडे. साहेब शिकलेले आहेत.

हौशी सासरी गेली ती वाजपाविना. रावजी अनवाणी तिच्या पुढं चालला. तिला कुणी अपशकुनी म्हणायची छाती केली नाही.

तेव्हापासून आमच्याकडं वरात घळीशी आली की संबळवाला संबळ सोडून खाली ठेवतो. नवऱ्याचा बाप, कितीही मोठा असो, नवरीच्या बापापुढं हात जोडतो आणि विचारतो, "चिमाजीबाबा, निघायचं का?" त्या घडीला नाव तेच घ्यायचं. मग नवरीचा बाप दगडाला कान लावतो. त्याला काही ऐकू येतं का, कुणास ठाऊक. कुणी लगेच उठतो, कुणी खूप वेळ तसाच राहतो, डोळे मिटून. तो "चला" म्हणेपर्यंत कुणी पाऊल टाकत नाही, आणि घाई कर असं त्याला कुणी म्हणत नाही.