शिवलेला तुंबा

डोंगा नदीकडून किंडो गावाला जाणाऱ्या वाटेवर सावरीचं एक झाड आहे. किंडोला सासरी निघालेली मुलगी या झाडाखाली थोडा वेळ बसते. बसते म्हणजे नुसती बसते. बोलत नाही, आणि बरोबरचे लोकही तेवढा वेळ गप्प राहतात. गावातले अग्बू आजोबा झाड दाखवून आम्हा दोघांना म्हणाले, "तुमचंही लग्न नवीनच ना? मग बसा." आम्ही बसलो. माझ्या नवऱ्याला ते बरंच जड गेलं.

आजोबांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी किंडो आणि पलीकडचं अवाशी, या जुकून जमातीच्या दोन गावांत मासेमारीच्या डोहावरून वैर पेटलं. त्या काळी निरोप तोंडाने जात नसे, वस्तूने जाई, असं सांगतात. तोंडाचा काय भरवसा? तुंबा, म्हणजे वाळवून कोरलेला भोपळा, धान्य भरून अखंड पाठवला तर समेट. फुटका पाठवला तर युद्ध. नेणाऱ्याने निकाल लागेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. बोललं की निरोप बाद.

किंडोने समेट करायचं ठरवलं. तुंबा दिला आशुमेच्या हाती. ती किंडोची नवी सून आणि अवाशीची लेक. भाले चालले असते तर एका बाजूला नवरा असता, दुसऱ्या बाजूला भाऊ.

याच सावरीच्या मुळाला तिला ठेच लागली म्हणे, आणि तुंब्याला काठापासून बुडापर्यंत तडा गेला. दुसरा आणायला परतावं, तर निघालेला निरोप माघारी आला म्हणजे तेही युद्धच. घरी तडकलेला तुंबा बायका शिवतात, तसा तिने काट्याने भोकं पाडून शिवायला घेतला. पण दोरा एकच होता, तिच्या कमरेच्या मण्यांचा. आणि बाईने कमरेचे मणी काढले, की तिने नवरा सोडला असा अर्थ.

तिने काढले. दोन्ही हात तुंब्याला लागणार म्हणून मणी झाडाखालीच ठेवले.

अवाशीत वडीलधारे तुंब्याभोवती बसले.

"फुटका आहे."

"शिवलाय की."

"म्हणजे आधी फुटकाच."

"युद्धच करायचं तर शिवत कशाला बसतील? किंडोवाले इतके रिकामे आहेत का?"

"ते आहेतच रिकामे."

आशुमे समोर तोंड मिटून उभी. दुपार कलली. शेवटी ज्वारीची दारू वाढणारी म्हातारी पुढे आली. तिने तुंब्यातलं धान्य टोपलीत काढलं आणि दारू तुंब्यात ओतली. दोन-चार थेंब गळले, बाकीची राहिली.

"तुमच्या बायका तडकलेला तुंबा फेकतात का रे?" ती म्हणाली. "माझ्याकडे असले चार आहेत." आणि तिने घोट घेतला. निरोपाच्या तुंब्यातून कोणी प्यायलं, की निरोप स्वीकारला. भाले खाली ठेवले गेले.

पण आशुमेची कंबर मोकळी होती. आता तिने बोलून सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि लेक आता इथेच राहणार म्हणून तिचं अंथरूण घातलं. कंबर आधीच बोलून चुकली होती.

तिसऱ्या दिवशी तिची सासू वुनो चालत अवाशीला आली. वाटेत सावरीखाली तिला मणी सापडले होते, पानात गुंडाळून वर दगड ठेवलेले.

"रागाने निघालेली मणी भिरकावते," ती विहिणीला म्हणाली. "ही बांधून ठेवून गेलीय. हिला परत यायचंय."

अंगणातच बसून वुनोने मणी नव्या दोऱ्यात ओवले आणि स्वतः सुनेच्या कमरेला बांधले. उरलेलं टोक तेवढं तोडलं नाही, हातभर लोंबतं ठेवलं, पुन्हा काही शिवायला लागलं तर.

आजही किंडोत सुनेचे मणी सासूच ओवते, आणि दोरा हातभर जास्त ठेवते. फार लांब झालाय, जरा कापा, असं म्हणणारी सून अग्बू आजोबांनी अजून पाहिलेली नाही.