डांबरावरची रांगोळी

माणसं पायांनी चालायची त्या काळातली ही गोष्ट, म्हणजे फारच जुनी. एका शहरात एक रस्ता होता. अंगावरून ट्रक गेला की त्याची छाती फुगायची.

एके दिवशी नगरपालिकेच्या माणसांनी त्याच्या दोन्ही टोकांना दगडी खांब पुरले. गाड्या बंद, आता फक्त पायी जायचं. रस्ता तीन दिवस कण्हत होता. शेवटी त्याने तीन पायांच्या कुत्र्याला हाक मारली.

"लंगड्या, त्या खांबाखालची माती उकर. मी रस्ता आहे, बोळ नाही!"

"मालक, माझा चौथा पाय तुमच्याच अंगावर गेला," कुत्रा म्हणाला. "आत्ता कुठे न भिता पलीकडे जायला लागलोय. पण झोपतो तुमच्याच अंगावर. नाही कसं म्हणू?" आणि तो उकरू लागला.

तेवढ्यात खांबाजवळच्या घरातून म्हातारी भागीरथी बाहेर आली. रस्ता रुंद करताना तिचं अंगण गेलं होतं. तीस वर्षं ती घरात पाटावर रांगोळी काढत होती. तिने ओल्या फडक्याने डांबर पुसलं आणि ठिपके घालायला बसली.

"मेल्या," ती रस्त्याला म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या अंगणात लोळतोयस, कधी विचारलंस?"

रस्त्याला टायर ठाऊक होते. बोटं कधी लागली नव्हती.

कुत्रा धापा टाकत म्हणाला, "मालक, खांब हलतोय. पाडू?"

"थांब," रस्ता हळूच म्हणाला. "तिच्या रांगोळीवर माती उडतेय."